पायाचा दोष

मी मिस्त्री आहे. गाडीतला बिघाड सापडला नाही तर मला जेवण जात नाही, आणि माझ्याआधी दुसऱ्या कुणाला सापडला तर झोपही लागत नाही. हा माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात लारीच्या इंजिनाचा जेवढा हात होता तेवढाच या स्वभावाचा होता.

पंचावन्न साल होतं. सावलीला बाजाराच्या अंगाला चिंचेखाली माझं दुकान होतं. वर कवेलूंचं छप्पर, खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन. लढाईच्या दिवसांत मी नागपूरला मिलिटरीच्या कारखान्यात हात काळे केले होते, त्यामुळे चांद्याहून गडचिरोलीकडे जाणारी दर दुसरी मोटार माझ्यापाशी थांबायची. नथ्थू मिस्त्रीनं गाडी पाहिली म्हणजे पाहिली, असं लोक म्हणत. ते ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मनसाराम हा जंगलाचे ठेकेदार गुणवंतराव यांच्या लारीवर ड्रायव्हर होता. वय पंचवीस-सव्वीस, अंगानं सडपातळ, बोलणं कमी. जातीनं ढिवर, म्हणजे नावाड्यांतला, वैनगंगेच्या घाटावरच्या गावचा. त्याचा बाप डोमा घाटावर तराफा चालवणाऱ्यांचा म्होरक्या होता. पोरगा तराफ्याचा बांबू टाकून स्टेअरिंग धरायला गेला याचा डोमाला राग नव्हता. उलट घाटावर येईल त्याला तो सांगायचा, "माहा पोरगा मोटर हाकते."

पोळा झाला, पूर ओसरला, घाट मोटारींना खुला झाला आणि तिसऱ्या दिवशी मनसाराम दुकानात आला.

"मिस्त्रीभाऊ, गाडी दम खाते."

"कुठी?"

"घाटावर. तराफ्यावरून उतरतांनी. हळूच काढाची असते ना जी, तं एक्सिलेटरवर पाय देला का एक घडी कायीच नाई. इंजन मरूनच जाते म्हणा ना. मंग एकदम झटका मारते."

"आन रस्त्यानं?"

"रस्त्यानं कायी नाई."

मी प्लग काढले, घासले. पॉइंट साफ केले. पेट्रोलची जाळी धुतली, कार्बोरेटरच्या बारीक भोकांतून तोंडानं फुंकून पाहिलं. मग मूलच्या रस्त्यानं गाडी घेऊन गेलो. बैलगाडीच्या चालीनं चालवली आणि एकदम पाय दिला. गाडीनं हुं की चूं न करता ओढ घेतली. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मी गाडी त्याच्या हवाली केली आणि विसरलो.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. घाटावर गाडी पुन्हा दम खात होती. या वेळी मी कार्बोरेटर सगळा खोलला. त्यात एक छोटा पंप असतो. पाय दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी इंजिनात मारतो, म्हणजे गाडी संथ चालीवरून उचल घेताना उपाशी राहत नाही. त्या पंपाला चामड्याचं वायसर असतं. ते मी बोटानं दाबून पाहिलं. मऊ होतं, पेट्रोलनं ओलं होतं. पिचकारीही ठीक पडत होती. मला दोष सापडला नाही. आणि सापडला नाही हे बोलायची माझी जीभ नव्हती, म्हणून मी म्हटलं, "झाली दुरुस्त."

तिसऱ्या खेपेला त्यानं मला घाटावर चलायला सांगितलं.

"एकडाव तिथी येऊन पाहा ना जी. इथी ते दाखवतच नाई. बाबा तुमाले तराफ्यावर बसवून नेते, आणून सोडते."

घाट माझ्या दुकानापासून चार कोसांवर. गाडी त्याची, पेट्रोल ठेकेदाराचं, मला फक्त चढून बसायचं होतं. मी गेलो नाही. त्यानंतर त्यानं आणखी दोनदा विचारलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे काम होतं, आणि प्रत्येक वेळी ते काम उद्यावर टाकता आलं असतं.

घाटावरची रीत मला ठाऊक होती, पण तिचा विचार मी केला नव्हता. दोन मोठ्या नावा बाजूबाजूला बांधून वर सागाच्या फळ्या ठोकलेल्या. त्यावर एक रिकामी लारी मावायची. लारी चढली की डोमा स्वतः जाऊन इंजिन बंद करायला लावी. गंगामायच्या अंगावर इंजिन धडधडत न्यायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि नेमाला कारणही होतं. मागे एकदा धडधडीनं नावांचे दोर ढिले पडून तराफा मधोमध फाकला होता. तेव्हा नदी ओलांडेपर्यंत इंजिन बंद. बांबू टेकत टेकत पलीकडे जायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागे. पलीकडे तराफ्याचं नाक काठाला लागलं की दोन फळ्या काठावर टाकत. मग ड्रायव्हर इंजिन सुरू करी आणि एका दमात गाडी फळ्यांवरून वर काढी. मधे थांबून चालायचं नाही. मधे थांबली आणि पुन्हा झटक्यानं निघाली तर मागची चाकं तराफ्यालाच मागं ढकलतात आणि फळ्या सुटतात.

दसऱ्याला ड्रायव्हर लोक माझ्या दुकानापुढे गाड्या धुऊन पूजा करत. झेंडूच्या माळा, नारळ, चाकाखाली लिंबू. त्या वर्षी गुणवंतरावही आले होते. पूजा झाल्यावर मनसाराम चांगल्या मनानं, खुशीत मला म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, मले इलाज गावला. क्लच सोडाच्या आंधी दोनदा पाय मारतो, खटखट. तिसऱ्या बारीले गाडी काढतो. मंग नाई खात दम."

पाच-सहा ड्रायव्हर ऐकत होते. एक जण हसून म्हणाला, "घ्या मिस्त्री, चेला गुरूच्या पुढं गेला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जो बिघाड मला दोनदा सापडला नाही तो या ढिवराच्या पोरानं काढावा? मनात हेच शब्द आले, ते लपवत नाही. मी गुणवंतरावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "गाडी टंच हाय. तुह्या पायात दोष हाय. पाणी पाहून पाय थरथरते तुहा, आन नाव गाडीचं घेते. दोनदा पाय मारते म्हणून तं प्लग काळे पडून राह्यले. इंजनाचा सत्यानाश करशीन."

गुणवंतरावांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की आपला ड्रायव्हर आपली गाडी नासवतो आहे. त्यांनी तिथंच मनसारामला बोलावलं, नुकतंच कुंकू लावलेल्या स्टेअरिंगला हात लावायला सांगितलं आणि कबूल करवलं, की यापुढे मिस्त्री सांगेल तसाच पाय द्यायचा. एकदाच आणि हळू. नाहीतर दुसरा ड्रायव्हर पाहू. मनसारामनं हात लावला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि मला फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी डोमा मेला.

मला ते घाटावरून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं, आणि पुढे डोमाचा धाकटा भाऊ चैतू यानं. भर दुपार होती. कुवारचं, म्हणजे अश्विनातलं, ऊन तुम्हाला ठाऊक आहे, कातडी सोलून काढतं. तराफा पलीकडे लागला. फळ्या टाकल्या. डोमा नेहमीसारखा गुडघाभर पाण्यात उतरला आणि डाव्या फळीला खांदा देऊन उभा राहिला, फळी सरकू नये म्हणून. मनसारामनं इंजिन सुरू केलं, एकदा, हळू, पाय दिला. पुढची चाकं फळीवर आली आणि गाडीनं दम खाल्ला. इंजिन घुसमटलं. गाडी हातभर मागं आली. मग झटका मारून पुढं उसळली. त्या झटक्यानं तराफा मागं गेला, डावी फळी सुटली आणि चाक फळीसकट डोमाच्या छातीवर आलं. त्याच्या पाठीशी काठाचा खडक होता. चैतू म्हणाला, आवाजसुद्धा नाही झाला.

पोलीस आले, पंचनामा केला, अपघात लिहिला आणि गेले. पण सरकारचं काम संपलं तिथं जातीचं सुरू झालं. त्या लोकांत चुकून गाय मेली तरी हत्या लागते, इथं तर बाप मेला होता, पोराच्या पायाखालच्या गाडीनं. पंचांनी मनसारामला बापाला अग्नी देऊ दिला नाही. तो चैतूनं दिला. दहाव्याला निकाल करायचं ठरलं. दोष गाडीचा असेल तर हत्या नाही, एकुलत्या एक पोरानं पिंड द्यावा. दोष पायाचा असेल तर तो पिंडाला हात लावणार नाही, आणि जातीबाहेर.

हे चैतू मला सांगायला आला होता. दुकानात बसला नाही, चिंचेला टेकून उभा राहिला.

"पंच त्याले विचारून राह्यले, दोष कायचा होता. तं तो म्हणते, मिस्त्री म्हणे पायाचा हाय. दुसरं कायीच बोलत नाई. जेवत नाई. तुमी याल का जी?"

या वेळी मला काम नव्हतं.

लारी अजून पलीकडच्या काठावर तिरपी पडली होती, मागची चाकं पाण्यात. रेड्यांच्या सात जोड्या लावून ती वर ओढली. इंजिनाला पाणी लागलं नव्हतं. मला तिची मोडतोड पाहायची नव्हती. मी तिला चालू केलं, चामोर्शीच्या अंगानं दोन कोस नेली, परत आणली आणि काठावर उन्हात इंजिन बंद करून उभी केली. चैतूला म्हटलं, "तराफा पार व्हाले जेवढा वेळ लागते तेवढा वेळ झाला का सांग." तो उकिडवा बसून बिड्या ओढत राहिला. मी गाडीच्या सावलीतही गेलो नाही. तिसरी बिडी विझवून तो म्हणाला, "झाला."

मी सीटवर चढलो, सुरू केली, एकदा, हळू, पाय दिला. गाडीनं दम खाल्ला. माझ्या पायाखाली खाल्ला.

बंद केली. पुन्हा तेवढाच वेळ उन्हात ठेवली आणि या वेळी सुरू न करता कार्बोरेटरचं झाकण उघडलं. लोखंड हाताला पोळत होतं. खालच्या तापलेल्या इंजिनानं कार्बोरेटरमधलं पेट्रोल जवळजवळ सगळं उडून गेलं होतं. पंप वर ओढून पाहिला. चामड्याचं वायसर वाळून आकसलं होतं, कडा आंब्याच्या वाळलेल्या सालीसारख्या आत वळल्या होत्या. बोटानं पंप दाबला, पिचकारी पडली नाही. थोडं पेट्रोल आत ओतून पुन्हा दाबला, एक थेंब आला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा चामडं ओलं होऊन फुगलं आणि पिचकारी नीट पडली.

दोनदा वाया, तिसऱ्याला चालू. मनसारामनं सांगितलं होतं तसंच. रस्त्यानं चालत माझ्या दुकानात येईपर्यंत ते वायसर ओलं, मऊ होऊन यायचं, म्हणून मला कधी दिसलं नाही. ते फक्त घाटावर दिसलं असतं. एकदा, फक्त एकदा मी त्या तराफ्यावर बसलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. नवं वायसर माझ्या दुकानात डब्यात पडलेलं होतं.

मी फुटबोर्डवर बसलो. वायसर तसंच हातात होतं. चैतू माझ्याकडे पाहत होता. त्याला चामड्यातलं काही कळलं नव्हतं. तिथं कुणालाच कळलं नसतं. वायसर बदलून झाकण लावलं असतं आणि गाडीत कायतरी गडबड होती एवढं पंचांना सांगितलं असतं, तर पोराचंही भागलं असतं आणि माझंही नाव राहिलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला. दहाव्याला अजून चार दिवस होते. चार दिवस मी सावलीला परत जाऊन हा विचार घोळवला.

दहाव्याला मी गेलो ते ठरवून, की सगळं सांगायचं. अर्धं सांगितलं तर गाडीचा दोष ठरतो, पण त्या पोराचा इलाज बरोबर होता हे न बोलताच राहतं, आणि मला तेच सांगायचं होतं. निदान एवढं तरी माझ्याकडून त्याला मिळावं.

नदीकाठी पंच बसले होते. मधे मुखरू म्हातारा, त्यांचा मुख्य. बायका एका बाजूला, त्यांत डोमाची बायको गोकुळा, कपाळ पांढरं. मनसाराम सगळ्यांपासून लांब, एका बाभळीखाली बसला होता. मी ते वाळलेलं वायसर तळहातावर ठेवून मुखरूपुढे धरलं. समजावून सांगितलं. ते चामडं हातोहात सगळ्या पंचांतून फिरलं. चामडं वाळतं आणि ओलं झालं की फुगतं हे नाव बांधणाऱ्या माणसांना सांगायला लागत नाही. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"मंग पोराच्या पायात दोष नोयता?" मुखरूनं विचारलं.

"नोयता. त्यानं इलाज शोधला होता. दोनदा पाय माराचा. तो बरोबर होता. मी चारचौघांत त्याले खोटं पाडलं, आन मालकाकडून बंद करवला. दोष माहा हाय."

चामडं फिरून माझ्या हातावर परत आलं. मग मुखरू म्हणाला, "हत्या पोराले लागत नाई. या मिस्त्रीचं काय, ते यायच्या लोकायनं पाहावं." आणि त्यानं पिंडाची तयारी करायला सांगितलं.

गोकुळा उठून माझ्यापुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"माह्या पोरानं तुमाले घाटावर बलावलं होतं का जी?"

"तीनदा."

"मंग काऊन नाई आले?"

काम होतं, असं ओठावर आलं होतं. "तुमच्या पोरानं मले शिकवावं, हे मले खपलं नाई, बाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. आणखी काही कारण येईल म्हणून थांबली असावी. मग ती वळली आणि बाभळीकडे पाहून म्हणाली, "ऊठ बापा. पंचायनं मोकळं केलं तुले. चाल, बापाले पिंड दे."

मनसाराम उठला नाही.

"ऊठ ना रे."

"मिस्त्रीले मालूम नोयतं," तो म्हणाला. दहा दिवसांत पहिल्यांदाच तो एवढं बोलत होता, असं मला नंतर चैतूनं सांगितलं. "त्याले खरंच मालूम नोयतं. मले मालूम होतं. बाबा पाण्यात उतरले, फळीले खांदा देला, मी वरून पाहून राह्यलो होतो. पाय उचललाबी होता दोनदा माराले. मंग मनात आलं, कोणी जाऊन मालकाले सांगन, गाडी जाईन हातची. आन मी एकडावच देला."

"तुनं कबूल केलं होतं, बापा," मुखरू म्हणाला. "मालकाचा हुकूम होता. तुहा दोष नाई."

"मले मालूम होतं का गाडी दम खाईन," मनसाराम म्हणाला. "बाबा खाली उभे होते, आन मले मालूम होतं."

मी त्याच्याजवळ गेलो. चार दिवस जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. तुझा इलाज बरोबर होता, असं दोनदा म्हणालो. त्यानं मान हलवली. ते त्याला माझ्याआधीच ठाऊक होतं, आणि त्याचंच तर ओझं होतं. तो बरोबर होता हे मी जितकं पटवून देत होतो तितका तो आणखी खाली बसत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग मी पंचांकडे परत आलो.

मुखरूनं समजावलं, पंचांनी समजावलं, गोकुळानं त्याचे पाय धरले. ऊन डोक्यावर आलं. पिंडाचा भात कोरडा पडायला लागला तेव्हा मनसारामसाठी बोलावलेल्या न्हाव्यापुढे चैतूनं स्वतःचं डोकं पुढे केलं.

पिंड चैतूनं दिला. मनसाराम बाभळीखाली तसाच बसून होता, दोन्ही पाय पोटाशी घेऊन.